मुदपाकातली साक्ष

लिही, बाळा. नाव लेतेकिदान.
हुद्दा आचारी, केंद्रीय समिती.
डोंगरात होते तेव्हा हुद्दा नव्हता,
नुसती चूल होती, आणि तीही
विमानं यायच्या आत विझवायची.

ताट एकच. पेट्रोलच्या पिंपाचं झाकण,
ठोकून सपाट केलेलं.
त्यावर एक इंजेरा, मध्ये मूठभर शिरो
आणि भोवती सात हात.
अस्मेलाशला हिवताप झाला तेव्हा
गेब्रेअब आपल्या हातानं त्याला भरवायचा.
एक घास वैराचा, म्हणतात आमच्यात,
म्हणून तीन द्यायचा. मोजून.

मग राजधानी घेतली. हा महाल मिळाला,
चिनी मातीचा संच मिळाला, काठावर सोनेरी मुकुट.
पहिलं वर्ष तरी झाकणावरच जेवले, हट्टानं,
संगमरवरावर मांडी घालून.
पुढे तेकेस्तेला पोटाचं दुखणं निघालं.
त्याचं वेगळं, अळणी.
अब्रेहेत म्हणाली, मलाही अळणी.
अळणीवाले एका टोकाला बसू लागले.
मी आपली समजले, पोटाचंच असेल.

फूट कधी पडली, विचारतोस.
ठराव-बिराव मला कळत नाहीत.
गेब्रेअबनं मिठाची वाटी पुढे सरकवली,
अस्मेलाशनं ती उचलून
चिमूटभर त्याच्याच ताटात टाकली.
म्हणाला, तू खा आधी.
सगळे हसले. मीही हसले.
दुसऱ्या दिवशी सातही जण घरून डबे घेऊन आले,
डब्यामागे एकेक बंदूकवाला.
तीन दिवस मी चूल पेटवत राहिले,
कुणासाठी ते न कळता.

बाकी रेडिओवर ऐकलंस तेच.
गेब्रेअबला निवृत्त केलं, प्रकृतीच्या कारणावरून.
प्रकृती!
खडे पचवायचा तो माणूस.

झाकण? संग्रहालयवाले आले होते मागायला.
काचेत ठेवू म्हणाले, खाली सात नावांची पाटी.
परवा पुन्हा आले, पाटीवर चार.
मी सांगितलं, हरवलं.
आंबवणाच्या हंड्यावर आहे ते.
हे मात्र लिहू नकोस.

ठेव ते पेन. सकाळपासून उपाशी आहेस,
ओठ बघ कसे सुकलेत.
हा घे घास. आ कर.

दाराकडे काय बघतोस?