बाटली

खिलारेकाकूंनी पिशवीतून बाटली काढली,
काउंटरवर ठेवली
तीर्थाचा गडू ठेवावा तशी.
"बिबवेवाडीच्या हॉलमध्ये मिळाली. अडतीसशेला.
साखर मुळापासून जाते म्हणाले."

मी माझा चष्मा दिला त्यांना.
वाचा, म्हटलं.
वर एक पान छापलेलं, दव पडलेलं.
हमखास. शंभर टक्के. अपाय नाही.
बॅच नंबर? काकूंनी बाटली फिरवली.
परवाना? पुन्हा फिरवली.
कुणी बनवली, कुठल्या गावात?
बाटली फिरत राहिली
जत्रा उठल्यावरच्या पाळण्यासारखी.

"आणि इन्सुलिन?"
गप्प.
मग बोटांच्या पेरांवर मोजलं:
एकोणीस दिवस.

रागावणारच होते,
तेवढ्यात त्या म्हणाल्या,
"तो पोरगा पाऊण तास बसला गं माझ्यापाशी.
पायाच्या मुंग्यांचंसुद्धा विचारलं त्यानं.
दवाखान्यात तर
नाव सांगेस्तोवर पुढचा नंबर पुकारतात."

एकला दहा कमी होते.
मी शटर अर्धं ओढलं
(पुण्यात याचं कारण कुणी विचारत नाही),
साखर मोजायचं यंत्र काढलं,
डॉक्टरांना फोन लावला, तो लागेना.
स्टूल पुढे सरकवलं.

बसा काकू.
मुंग्या कधीपासून येतात?