वैजयंता विचारते, शाळा कशी आहे

बस. मशीन थांबवते.
पिको राहिला तर राहू दे,
साडीवाली उद्या ओरडायची ती ओरडेल.

कोपऱ्यावरच्या सुर्व्यांना विचारलंस?
मग ऐकलंच असशील.
त्यांचा पोरगा टाकीवरून पडला,
मोडका हात मांडीवर घेऊन पाचपर्यंत वर्गात बसला,
कुणी फोन केला नाही.
सुर्वे अजून त्या रस्त्यानं जात नाहीत,
मंडईला जायचं तर वळसा घालतात.

आणि दूधकेंद्रावरच्या मंदाकिनीबाई
त्याच शाळेला सणाला पेढे पाठवतात.
नातीला फळा दिसत नाही हे घरात कुणाला कळलं नव्हतं,
वर्षाबेनना कळलं.
रविवारी, स्वतःच्या स्कूटरवर, मोठ्या दवाखान्यात,
चष्म्याचा नंबर काढून आणला.

वर्षाबेन त्याच गं.
हात मोडला तेव्हा वर्गावर होत्या, त्याच.

आमच्या यांना विचारशील तर
ते गोरसआंबलीच्या झाडापासून सुरू करतील.
कुंपणावरून फांदी ओढायची, शिपाई धावायचा,
प्रार्थनेला मैदान पुरत नव्हतं म्हणे.
आता प्रार्थना व्हरांड्यात होते,
वरच्या मजल्यावर गुजराती माध्यम,
खाली आपली मुलं, तीन इयत्ता एका खोलीत.
हे त्यांना सांगून उपयोग नाही.
त्यांना अजून झाडच दिसतं.

माझं विचारतेस.
माझी दोन, तुला माहीत आहेत.
कृपाली तिथे तीन महिन्यांत वाचायला लागली,
रिळांवरची नावं, दिव्याच्या बिलावरचा नंबर,
दुकानांच्या पाट्या, गुजरातीतल्यासुद्धा.
वर्षाबेन तिच्या हातात हजेरीपट द्यायच्या,
घरी येऊन ती बाहुल्यांची हजेरी घ्यायची.

चार वर्षांनी हेत. तीच खोली, त्याच बेन.
तो खिडकीपाशी बसला आणि तिथेच राहिला.
दुसरी संपत आली तरी स्वतःचं नाव
उलटीकडून लिहायचा.
एकदा चड्डी ओली झाली आणि अंगावरच वाळली.
मला वास आला तेव्हा कळलं.

भांडायलाच गेले होते मी, खोटं कशाला बोलू.
शब्द वाटेत जुळवत गेले.
साडेचार वाजले होते. वर्ग रिकामा.
बेन मतदारयाद्यांच्या ढिगाऱ्याआड
डबा उघडून बसल्या होत्या, सकाळचाच डबा.
मी म्हटलं, हेतची आई.
त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं,
कुठला हेत?

जुळवलेलं सगळं तिथेच राहिलं.
घरी येऊन हे म्हणाले, शाळा चांगलीच आहे,
पोरगंच मठ्ठ.
अकरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.
आणि खरं सांगू,
त्या वर्षी लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालायची,
त्याची चोपडी उघडून मीही पाहिली नव्हती.

हेतला काढला. आता खासगीत आहे.
महिन्याला साठ साड्या त्याच्या फीत जातात.
नाव सरळ लिहितो. बोलत अजून फारसा नाही.
कृपाली तिथेच, सातवीला, वर्षाबेनची लाडकी.
सकाळी दोघं एकाच दारातून निघतात,
सुर्व्यांच्या कोपऱ्यावर
एक डावीकडे, एक उजवीकडे.

तर शाळा कशी आहे, हे मला
एका वाक्यात नाही सांगता येत, वैजयंता.
फॉर्म भर. हे घे पेन.
पत्त्यात खोली नंबर विसरू नकोस,
नंदुरबारचा जन्मदाखला मागतील, दोन प्रती काढ.
आणि पहिल्या दिवशी फाटकातून परत फिरू नकोस,
आत जा, बाकापर्यंत जा,
बेनना हिचं नाव दोनदा सांग.

बघ ना, आपण बोलत बसलो तेवढ्यात
हिनं माझा बॉबिनचा डबा अख्खा लावला,
पिवळ्याशेजारी केशरी, केशरीशेजारी लाल,
आणि ज्याचा रंग धड कुठलाच नाही
तो हातात धरून बसली आहे, कुठं ठेवू म्हणून.

फॉर्मवर याला रकाना नाही.
मागच्या बाजूला लिहून ठेव.