विषय क्रमांक एकोणीस

मी बोललेलं लिहीत नाही,
ठरलेलं लिहिते.
नगरसचिव कार्यालयात बावीस वर्षं
याच कामाचा पगार घेते.
कोण ओरडलं, कोणी माईक आपटला,
कोण डब्यातली साबुदाण्याची खिचडी संपवून
मतदानापुरतं आत आलं,
यातलं काही इतिवृत्तात येत नाही.

मंगळवारची मुख्य सभा. गणपूर्ती झाली.
विषय क्रमांक एकोणीस :
धानोरीतल्या डीपी रस्त्यालगत
ज्येष्ठ नागरिकांसाठी विरंगुळा केंद्र बांधणे.
दोन मजले, लिफ्ट, वाचनालय, कॅरम,
दर्शनी भागी कारंजं.
नावावर सव्वा तास गेला.
एकाला वडिलांचं हवं, दुसऱ्याला गुरूंचं,
तिसरा म्हणाला, दोन्ही देऊ, पाटी लांब करू.

मग तांबोळीबाई उठल्या.
केंद्र रस्त्याच्या पलीकडे आहे, म्हणाल्या,
आणि म्हातारी माणसं अलीकडे राहतात.
पादचारी सिग्नलचे बावीस लाख होते अंदाजपत्रकात,
ते कुठे गेले?
समोरच्या बाकावरून उत्तर आलं, जवळजवळ मायेनं :
वर्गीकरण झालं, ताई.
कारंज्यात.

निदान एक गतिरोधक तरी?
पथ विभागाने घसा साफ केला.
निकषात बसत नाही.
वाहतूक शाखेची ना हरकत लागेल.
शिवाय कंबरदुखीच्या तक्रारी येतात.
सभागृह हसलं.
तेही लिहिलं नाही.

वर प्रेक्षक गॅलरीत रणपिसे बसले होते,
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त.
केंद्राचा पहिला अर्ज त्यांचाच, सात वर्षांपूर्वीचा,
आवक क्रमांक माझ्या हातचा.
अर्जाखाली चार सह्या होत्या,
कॅरमला चार लागतात.
आज तिघे आले होते.
चौथे, बिडकर,
मार्गशीर्षातल्या एका सकाळी दुधाची पिशवी घेऊन
अर्ध्या रस्त्यापर्यंतच गेले.

रणपिसेंनी हात वर केला.
पीठासनावरून आवाज :
आजोबा, प्रेक्षकांना बोलता येत नाही.
हात तसाच राहिला थोडा वेळ.
त्यांना सवय आहे.
रोज त्या रस्त्याच्या कडेला ते असाच हात धरतात
आणि पाण्याचे टँकर, कंपन्यांच्या बसगाड्या,
कॉलेजला उशीर झालेली पोरं
हाताला वळसा घालून जातात,
जसं दिव्याच्या खांबाला घालतात.

मग सूचक, अनुमोदक,
आणि खाली सगळेच हात वर.
मी मोजले.
सभागृहात त्र्याऐंशी, गॅलरीत एक.
गॅलरीतला धरत नाहीत.
विषय एकमताने मंजूर.
तांबोळीबाईंची उपसूचना दफ्तरी दाखल.

पुढच्या महिन्यात तातडीचा विषय आला :
सदर रस्त्यावर अज्ञात इसमांनी
रात्री अकरा ते पहाटे चारच्या दरम्यान
विनापरवाना पांढरे पट्टे मारल्याबाबत.
पट्टे वाकडे आहेत. रुंदी निकषानुसार नाही.
तथापि वाहने थांबत असल्याचे
कनिष्ठ अभियंत्याच्या अहवालात नमूद.

सभासद चिडले.
परवानगी कोणाची? रंग कोणाचा?
उद्या कोणीही उठेल आणि रस्ता रंगवेल!
पीठासन म्हणालं,
कोणाला काही माहीत असेल तर हात वर करा.

पेन सावरताना मी अंगठा आत दुमडून घेतला.
नखाच्या कडेला, टर्पेंटाइननेही न निघालेला
थोडा पांढरा.
वर गॅलरीत तिघे
आपापल्या चपलांकडे बघत होते.

हात एकही नाही.
मोजला, लिहिला :
चर्चा झाली. विषय एक महिना तहकूब.