चिंचोके

कोपरखैरण्यात झेरॉक्सच्या दुकानावर
कुरियन सरांचा क्लास. सात ते साडेआठ.
टेबलावर स्टीलची वाटी, शेजारी चिंचोक्यांची पिशवी.
बोलताना ‘अं’ आलं की एक चिंचोका.
‘अ‍ॅक्च्युअली’ला एक. ‘यू नो’ला एक.
‘बेसिकली’ला दोन, कारण सरांचा त्या शब्दावर
कसला तरी जुना राग आहे.

पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं,
मधली अकरा वर्षं सांगता सांगता
वाटी निम्मी भरली.

घणसोलीचा नीलकंठ मढवी तर
इंग्रजी वाक्यात ‘आपलं ते हे’ घालतो.
सर मल्याळी. त्यांना वाटलं, हे नवीन क्रियापद.
हसून झाल्यावर त्याचेही तीन टाकले.

“शब्द नाही सापडला तर गप्प राहा,” सर म्हणतात,
“समोरचा थांबतो.
रिकाम्या जागेला घाबरता कशाला?”

सर, रिकाम्या जागेचं मला नका सांगू.
माथाडी वसाहतीत, तळमजल्यावर,
आमचे अण्णा खिडकीशी बसलेले असतात.
दाणाबाजारात तीस वर्षं तोलणार.
पहिल्या पोत्याला एक म्हणायचं नाही,
लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन.
दिवाळीच्या आधी उजवी बाजू गेली,
जाताना शब्द घेऊन गेली.
उरलं ते एवढंच: ते... हे... आपलं...
म्हणजे तुम्ही जे वाटीत टाकायला लावता
नेमकं तेवढं.

आणि तेवढ्यात भागतं.
‘ते हे’ वर चढलं की पाणी.
खाली उतरलं की पाठ खाजतेय.
‘आपलं’ दोनदा आलं की आईबद्दल असतं,
मग मी कुकरकडे बघत राहते.

सरांकडून मूठभर चिंचोके मागून आणले.
फिजिओची मुलगी म्हणाली होती, बोटांना काम द्या,
या वाटीतून त्या वाटीत.
देता देता क्लासचा नियमही सांगितला अण्णांना.
कळला की नाही, कोण जाणे.

गुरुवारी महापेहून फोन. मुलाखत, फोनवरच.
ओट्याला टेकून, ओढणीचं टोक मुठीत धरून
मी बोलत होते. वाक्यं कोरी, इस्त्रीची.
मधली अकरा वर्षं काय केलंत, बाईंनी विचारलं.
मी थांबले, सरांनी शिकवलं तशी.
त्याही थांबल्या.
नेमकी कुकरची शिट्टीही होईना.
आणि मग आलंच,
अं...

मागे टण्ण वाजलं.

अण्णांचा हात वाटीवर. उजवा.
बोटं अजून अर्धी उघडी.
आणि स्वच्छ, बाजारातल्या आवाजात म्हणाले,
“लाभ.”

फोनमध्ये बाई विचारत होत्या, हॅलो, आर यू देअर?
होते ना.
अण्णा दुसरा चिंचोका चिमटीत धरून
माझ्या तोंडाकडे बघत होते.