मोठ्यानं बोलत जायचं

उद्या पहाटे चारला निघायचं.
बारा तासांची चाल, दोन ओढे, एक खिंड,
आणि ज्वालामुखीच्या पलीकडे, कुरणात,
अफानासीचा तंबू,
चारशे रेनडिअर, तो, आणि त्याचा अबोला.

पिशवी तिसऱ्यांदा उपसली.
सुकवलेला मासा काढून ठेवला, वास लांब जातो.
साबणही नको.
पाव, चहापत्ती, फडक्यात गाठ मारलेली साखर.
कोरडे मोजे, दोन जोड.
एक लाल फ्लेअर, मुदत गेल्या वर्षीच संपलेला.
दुकानात रोदियोन म्हणाला, पेटेल गं,
अस्वलाला कुठं तारीख वाचता येते!

मात्रोना मावशी चुलीशी बसून बघत होती.
नाव घेऊ नकोस त्यांचं, म्हणाली. आजोबा म्हण.
नदीला मासा चढलाय, पोटं भरलेली असतील,
तरी झुडपांतून जाताना गप्प राहू नकोस.
अचानक समोर आलेलं माणूस
त्यांना आवडत नाही.
कुणालाच आवडत नाही.

टिनचा पेला पट्ट्याला बांधून
घरातल्या घरात चालून पाहिलं : टण, टण.
ओढ्याच्या आवाजात बुडेल हे.
आवाज माणसाचाच हवा.

आणि मी तर दुकानातसुद्धा
बोटानं दाखवून सामान घेणारी.
बारा तास बोलायचं काय?
पाढे दहापर्यंतच येतात,
ते पहिल्या ओढ्याला संपतील.
मग शाळेच्या हजेरीतली नावं,
निम्मी शहरात गेली, तरी हाक मारीन.
मग खिंडीखालचे ठेंगणे पाइन,
जिथं पाच हातांपलीकडचं दिसत नाही.
तिथं काय बोलायचं, ते मात्र ठाऊक आहे.

आईला पुरलं तेव्हा तू आला नाहीस.
मोठ्यानं म्हणेन. परत म्हणेन.
वाट गोठली होती म्हणतोस,
मग तुझा निरोप घेऊन आलेला पोरगा
काय उडत आला?
शिव्या देईन, दोन्ही भाषांत.
आजोबा कुठंतरी कान टवकारतील,
बाईचं काहीतरी बिनसलंय म्हणून
बाजूला होतील.

संध्याकाळी तंबूचा धूर दिसेल
तोवर घसा बसलेला असेल.
उरेल ते एवढंच : चहा टाक.

पिशवी बांधली.
मावशीनं उचलून पाहिली, परत सोडली,
मासा आत सरकवला
तीन पदरी गुंडाळून.
त्याला आवडतो, म्हणाली.
वास येईल, मावशी.
येऊ दे की.
तू बोलत जा.