आस

कट्.
मग काही नाही. मग परत कट्.
पॅडलच्या प्रत्येक फेऱ्यात एकदा,
कुणी आत बसून अक्रोड फोडत असावं तसं.
दोन हिवाळे मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शनिवारी धुकं इतकं की कालव्याचं पलीकडचं काठ दिसेना.
सायकल स्वयंपाकघरात आणली,
वर्तमानपत्रावर उलटी उभी केली.
कॉटर पिना जाम. त्यांना रात्रभर तेल पाजलं.
आई म्हणाली, फरशी काळी झाली तर पुसायची तूच.

पाना आणायला लेआर्कोकडे गेले.
त्याने विचारलं नसतानाही सांगितलं :
"इंग्रजांनी उजवीकडे उलटे आटे पाडले.
आपण दोन्हीकडे सुलटेच ठेवले, सरळमार्गी माणसं!
म्हणून आपला उजवा कप चालता चालता सैल होतो.
झेलिंदो दर मार्चमध्ये आवळून घ्यायचा.
तू?"
मी पाना घेऊन निघाले.

खाली लाकडाचा ठोकळा, वर हातोडी.
तिसऱ्या घावाला पिन सुटली,
चौथा अंगठ्यावर.
कप उघडला तशी डांबरासारखी ग्रीस,
आणि छर्रे.
उजवीकडे अकरा हवेत : नऊ अख्खे, एक दुभंगलेला,
एकाची नुसती पूड.
डावीकडचे अकराच्या अकरा गोल, चकचकीत,
त्यातला एक घरंगळत फ्रिजखाली गेला तो गेलाच.

आस रॉकेलमध्ये धुतली, खिडकीशी धरली.
उजव्या टोकाला खड्डा.
उजवी बाजू जास्त झिजते हे मला माहीत होतं,
साखळी तिकडूनच ओढते.
पण दोन पायांचे दोन खड्डे पडतात, समोरासमोर.
इथे एकच होता, नखाएवढा,
आणि त्याच्या समोरची बाजू
काल दुकानातून आणल्यासारखी.

बत्तीस हंगाम. बीटाच्या साखरेचा कारखाना,
बांधावरून अकरा किलोमीटर जायचं,
अकरा यायचं, कपड्यांना चोथ्याचा आंबूस वास घेऊन.
एका पायाने?

आई शेंगा सोलत होती.
"वाघिणीचं दार पडलं होतं पायावर.
तुझ्या आधीचं आहे ते."
एक शेंग. दुसरी.
"कारखान्याला कळलं असतं तर फाटकावर बसवलं असतं,
निम्म्या पगारावर."
आणि मला का नाही सांगितलं?
"तुला काय. तुला शाळेत सोडायचा रोज.
पोचत होतीस ना?"

पोचत होते.
पुढच्या दांडीवर बसून, हँडलच्या मध्ये दोन्ही हात धरून.
एक हिसका, मग थोडं थांबल्यासारखं,
एक हिसका, मग थोडं थांबल्यासारखं.
त्या तालावर मी पाढे म्हणायची.
मला वाटायचं, सायकल अशीच चालते,
सगळ्यांची.
पुढे एकदा मावसभावाच्या दांडीवर बसले
तेव्हा ती गुळगुळीत चाल मला खोटी वाटली होती,
आणि पाढा तेराच्या सहाव्या घराला चुकला.

नवी आस बसवली. नवे कप.
ग्रीसमध्ये छर्रे एकेक चिमट्याने लावताना
आई खुर्ची ओढून जवळ आली,
चष्म्याशिवाय मोजू लागली.
दहावर थांबली. "अजून एक हवा."
तिला हे कुणी शिकवलं, मी विचारलं नाही.

चारच्या सुमारास धुकं जरा वर उचललं.
मी बांधावर निघाले. कट् नाही. काहीच नाही.
चाकाखालची खडी तेवढी ऐकू येते.
मोरीच्या दारापाशी कुणी नव्हतं.
डावा पाय पॅडलवर नुसता ठेवला,
जोर काढून घेतला,
उजव्यानेच रेटत गेले :
हिसका, मग थांबल्यासारखं. हिसका.
दोनशे मीटर झाले असतील.

पुलाच्या चढावर उतरावं लागलं.