डावा दंड

गाडी घेतली तेव्हा जयरामजी खोडेंनी
किल्ल्या दिल्या, आरसी दिली, एक जास्तीचं टायर,
वरून डिक्कीत तुरीच्या डाळीची पिशवी.
सर्व्हिसचं पुस्तक तेवढं नव्हतं.
"सापडन, बाई. घरातच हाय कुठंतरी."

दोन महिने ते घरातच होतं कुठंतरी.

तिसऱ्या महिन्यात बोरीच्या चढावर,
शेजारच्या सीटला पट्ट्यानं बांधलेला लसींचा डबा,
आत बर्फ पातळ होत चाललेला,
आणि गाडी उभी राहिली.
ट्रॅक्टरनं ओढत नेली. यवतमाळचा शोरूमवाला म्हणाला,
"मॅडम, काटा सांगतो बासष्ट हजार,
क्लच सांगतो दीड लाख."

तशीच गेले जयरामजींच्या ओट्यावर.
फसवलंत, म्हटलं.
"चाळीस वर्सं जिनिंगच्या काट्यावर बसलो.
कोनाच्या कापसात पसाभर फरक नाई केला,
अन् तुमच्या गाडीचा काटा फिरवन म्या?"
त्यांच्या बायकोनं चहा आणून ठेवला.
मी घेतला नाही. त्यावर साय धरली,
तरी बसून राहिले.

माझ्या कामात कार्डं रोज हरवतात.
भिजतात, शेळी खाते, माहेरच्या पेटीत राहून जातात.
आई सांगते, "देल्लं होतं वो सिस्टर, संक्रांतीच्या मागंपुढं."
मी तिला खोटी म्हणत नाही.
पोराची बाही वर सारते,
डाव्या दंडावर अंगठा फिरवते.
हे त्या रात्री आठवलं मला,
तेही अर्धंच. अर्ध्यात पैशांचा राग होता.

सकाळी जयरामजीच दारात.
"चला रऊफकडं."
सोबत निकेश, त्यांचा मुलगा, स्पर्धा परीक्षावाला.
चार वर्षं यवतमाळला खोली करून होता,
गाडी त्याच्यापाशीच असायची,
पोराला थंडीवाऱ्यात एसटी नको म्हणून.

रऊफ मिस्त्रीचं गॅरेज नाक्यावर, बाभळीखाली.
"पुस्तकात काय हाय," तो म्हणाला,
"माहे हात तेलाचे, कागद खराब होते.
गाडीलेच इचारू."
बॉनेट उघडलं. आतलं काळं अस्तर
कोपऱ्यातून सोलत आणलं.
खाली पत्र्यावर खिळ्यानं कोरलेले आकडे.
एकवीस. तीस. अडतीस.
मग पंचावन्न, ऐंशी, एकशे दहा,
धापा टाकत चढलेले,
आणि एकशे सेहेचाळीसपाशी एक फुली.

"हे फुली कायची?"
रऊफ पाना पुसत राहिला. स्वच्छ होता पाना.

"नागपूरच्या ट्रिपा," निकेश बोलला.
"रात्रीच्या. विमानतळाच्या सवाऱ्या.
मीटर मीच फिरवून आणलं, बाबा."
पाठीवरच्या बॅगेतून त्यानं पुस्तक काढलं,
राज्यशास्त्राच्या गाईडच्या कव्हरात घातलेलं.

जयरामजींनी घेतलं. उघडलं नाही.
तळहातावर धरून राहिले,
जणू त्याचं वजन व्हायचं होतं.
मग काट्याचं विचारलं नाही, पैशांचं नाही.
"मंग परीक्षा?"

उसाचा की कापसाचा, एक लांब ट्रक गेला.
तो पूर्ण जाईपर्यंत कुणीच बोललं नाही.

"दोन देल्ल्या. मंग फॉर्मच नाई भरला."

व्यवहार बाभळीखालीच मिटला.
क्लचचं सामान निकेशचं, मजुरी रऊफची,
"खिळा माह्याच हातात होता," एवढंच तो म्हणाला.
वर पंधरा हजार मला परत.
सात रोख. आठ निकेश फेडतो
बुधवार बुधवार, लसीकरणाच्या दिवशी
गाडी चालवून.

चालवतो छान. बोरीच्या चढावर
डब्यातला बर्फ वाजत नाही.
चहा मी आता घेते, साय धरायच्या आत.
परतताना जयरामजी ओट्यावरून हात करतात,
"किती झाले?"
निकेश काच खाली करतो
आणि आकडा सांगतो,
शेवटच्या अंकापर्यंत.